ओळखीचा घोटाळा आणि वाचकाचा कौल

विनोदी गुन्हेकथेविषयी मोहोळकडील वाचनप्रेमी मंडळींकडून एक आक्षेप ऐकू येतो : तोतया कोण हे आरंभीच कळले, मग रहस्य ते काय उरले? आक्षेप प्रामाणिक असला तरी त्याची कसोटी चुकीची आहे. रहस्यकथेत अज्ञान वाचकाच्या वाट्याला येते, विनोदात पात्रांच्या. देवलांच्या 'संशयकल्लोळा'त (१९१६) फाल्गुनरावाचा संशय निराधार आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. म्हणूनच तो हसतो. चंद्रवदन हाच काळा पहाड, हे बाबूराव अर्नाळकरांच्या नित्याच्या वाचकाला पाठ असे. त्याची उत्कंठा 'कोण?' यात नसून 'आता कसा निसटेल?' यात असे. (विद्यापीठीय समीक्षेने हा वाचक फारसा विचारात घेतला नाही, ही खेदाची गोष्ट.)

आक्षेप घ्यावयाचाच तर घोटाळ्याच्या कारणावर घ्यावा. वुडहाउसच्या 'लीव्ह इट टू स्मिथ' (१९२३) या हिऱ्यांच्या हाराच्या चोरीभोवती फिरणाऱ्या कादंबरीत लॉर्ड एम्सवर्थ स्मिथलाच निमंत्रित कवी समजतो. हे पटते, कारण तो चष्मा घरी विसरून आला आहे, आणि तो समोरच्या दुकानातील फुले पाहण्यास गेला असता खरा कवी रागावून उठून गेला आहे.