बसपासून बिलापर्यंत

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल संघात ‘डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स’ असे एक पद असते. बस, हॉटेल, जेवण, बिले सारे याच व्यक्तीने पाहायचे. बहुधा ही बाई स्वतः खेळलेली असते. पुढे एम.ए. करता करता संघाची मदतनीस, मग सामन्यांच्या चित्रफिती सांभाळणारी, आणि मग हे पद.

१९७४ साली टेनेसी विद्यापीठात असे कुणी नव्हते. पुढे गाजलेल्या पॅट समिट तेव्हा २२व्या वर्षी मुख्य प्रशिक्षक झाल्या. महिना २५० डॉलर पगार. गाडी त्याच चालवत, मुलींचे गणवेशही त्याच धूत. १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणात स्त्री-पुरुष भेदाला मनाई केली होती, पण पैसा सावकाश आला. तो आला तशी ही कामे वेगळी झाली.

मला खटकते ते निराळेच. या पदावरच्या बाईला सरावात शिकवायला नियमाने अनेक वर्षे बंदी होती. खेळ नसानसांत, पण बोलायचे बसच्या वेळेबद्दल! म्हणून साहाय्यक प्रशिक्षकाची जागा निघाली, की कित्येकजणी तिकडे वळत.