इंजिनाची दारे कोण धरतो?



आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगणात आता ट्रॅक्टरच्या जोडीला चारचाकी उभी असते. जुनी गाडी घ्यायला गेले की विकणारा सांगतो, "मालक, इंजिन व्हीव्हीटी आहे, पिकअप बघा!" आपण मान डोलावतो, पण ही भानगड काय, ते विचारायचे राहून जाते. मग पुढे खिशाला चाट बसते ती वेगळीच. म्हणून या विषयाची थोडी फोड करू.

इंजिनाला दोन प्रकारची दारे असतात. एक हवा-पेट्रोल आत घेणारे, दुसरे जळका धूर बाहेर काढणारे. यांनाच आपण व्हॉल्व्ह म्हणतो. त्यांची उघडझाप करणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा फिरून आला की दार ढकलले जाते. तो सरकला की स्प्रिंग ते मिटवते. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक.

हा दांडा काही परका नाही. आपल्या सोलापुरात १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी तो बनवते आणि देशातल्या व परदेशातल्या मोटार कंपन्यांना पुरवते. ओतकाम करतानाच उंचवट्याचा पृष्ठभाग झटकन थंड करतात, त्यामुळे तो कठीण होतो आणि लवकर झिजत नाही.

आता मुद्दा येतो वेळेचा. उसाला दारे धरणारा गडी घड्याळ बघून बारे मोडत नाही. पाण्याचा लोंढा केवढा आहे, हे पाहून ठरवतो. इंजिनातही तसेच आहे. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर पिस्टनला वरून खाली यायला सेकंदाचा साधारण सत्ताविसावा भाग मिळतो. ६,००० फेऱ्यांना तोच वेळ सेकंदाचा दोनशेवा भाग होतो! एवढ्यात सिलिंडर भरायचा कसा?

हवेलाही वजन असते. ती वेगात आत येत असेल, तर पिस्टन वर निघाला तरी मागच्या रेट्याने आणखी थोडी आत घुसते. म्हणून जास्त वेगाला दार जरा उशिरा मिटणे फायद्याचे. पण सावकाश चालताना तेच दार उशिरा मिटले, तर आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो आणि गाडी चढाला दम टाकते. जुन्या इंजिनात उंचवटा एकदा ठरला की ठरला. त्यामुळे दोन्हीच्या मधली वेळ धरावी लागे. ना धड इकडे, ना धड तिकडे.

व्हीव्हीटीमध्ये कॅमशाफ्टच्या टोकाला इंजिन ऑइलच्या दाबावर चालणारी एक यंत्रणा बसवतात. वेग आणि भार पाहून ती दांडा थोडा पुढे-मागे फिरवते, म्हणजे दाराची वेळ बदलते. होंडाने १९८९ साली व्हीटेक इंजिन आणले, त्यात वेगळ्या उंचीचे दोन उंचवटे ठेवून गरजेप्रमाणे ते बदलण्याची सोय केली. काही गाड्यांत हवा घेणारी नळीही बदलते: कमी वेगाला लांब, जास्त वेगाला आखूड. त्यामुळे सिलिंडर नीट भरतो, पेट्रोल वाया कमी जाते आणि जोर सगळ्या वेगांना मिळतो.

कुणी विचारेल, मग आमच्या विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला हे का नाही? कारण ते ठराविक फेऱ्यांनीच चालते. लोंढा बदलतच नाही, तर दाराची वेळ बदलून करायचे काय?

याचा आपल्या उसाशीही संबंध आहे. २००३ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल घालायला सुरुवात झाली. २०२५ साली हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणून अॅव्हरेज थोडे घटते, हे मान्य केले पाहिजे. पण इथेनॉलचे ऑक्टेन जास्त, त्यामुळे ते जास्त दाब सोसते आणि इंजिन ठोके मारत नाही. जास्त दाबाचे इंजिन बांधले आणि दारांची वेळ त्याला जुळवली, तर घटीतला काही भाग भरून निघतो. म्हणजे अशी इंजिने जितकी चांगली होतील, तितके आपल्या मालाचे गिऱ्हाईक पक्के.

शेवटी कामाची गोष्ट. ही सारी करामत ऑइलच्या दाबावर आहे. त्याच्या वाटा बारीक असतात. ऑइल बदलायला टाळाटाळ केली की गाळ साचतो, वाटा तुंबतात, यंत्रणा अडकते. मग पिकअप जातो आणि खर्च मात्र येतो. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे ऑइल घाला, वेळेवर बदला, पातळी अधूनमधून पाहा. आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टरही लवकर भरतो. तो साफ ठेवा. जुनी गाडी घेताना ऑइल बदलल्याच्या पावत्या आधी मागा आणि पिकअप मागून बघा.

चारीत गाळ साचला तर धरणात पाणी असूनही ऊस वाळतो. इंजिनाचेही तेच आहे.