अंथरुणाने पायांतील बळ हिरावू नये म्हणून

न्यूमोनिया बरा होतो, ताप उतरतो, घरी जाण्याची परवानगी मिळते. आणि आठ दिवसांपूर्वी स्वतःच्या पायांनी रुग्णालयात आलेल्या आजोबांना खुर्चीतून उठायला दोघांचा आधार लागतो. ‘वय झाले’ म्हणून आपण मनाची समजूत घालतो. वस्तुतः पुष्कळदा हा दोष वयाचा नसून अंथरुणाचा असतो.

वापरात नसलेले स्नायू झपाट्याने झिजतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार दहा दिवसांच्या अंथरुणात घटला. आजारी माणसाच्या बाबतीत ताप व मंदावलेली भूक यांची त्यात भर पडते.

ही हानी रोखता येते. स्पेनमधील पाम्प्लोना येथे ७५ वर्षांवरील ३७० रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांपैकी ज्यांना दिवसातून दोनदा, सुमारे वीस-वीस मिनिटे, व्यायाम दिला, त्यांची दैनंदिन कामे करण्याची क्षमता टिकली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांची मात्र घटली. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे : यांना उठवून बसवता येईल का? चालवता येईल का? लघवीची नळी कधी काढता येईल? अस्थिभंग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा हृदयविकार असल्यास त्यांच्या परवानगीवाचून काहीही करू नये. परवानगी मिळताच जेवण खाटेवर न देता खुर्चीत बसवून द्यावे. उठवताना प्रथम पाय खाली सोडून दोन मिनिटे बसू द्यावे. चक्कर येत नसेल तरच उभे करावे. घरचा चष्मा, श्रवणयंत्र आणि न घसरणाऱ्या चपला सोबत असाव्यात.

आहाराकडेही तितकेच लक्ष हवे. आजारपणात वृद्धांना दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे पन्नास किलो वजनाला ६० ते ७५ ग्रॅम. नुसत्या पेजेवर ही गरज भागत नाही. दूध, दही, घट्ट वरण, पनीर, अंडे, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक खाण्यात असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

‘तुम्ही पडून राहा, मी देतो,’ हे आपण मायेनेच म्हणतो. परंतु पाण्याचा पेला त्यांना स्वतः उचलू देणे, न्हाणीघरापर्यंत हात धरून चालवणे, हीही शुश्रूषाच आहे.