विकलेल्या मालावर मालकी कुणाची?

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ठाण फाडून दिले, पैसे गल्ल्यात आले, की त्या कापडावरचा आमचा हक्क संपला. गिऱ्हाइकाने त्याचा सदरा शिवावा, धाकट्या भावाला द्यावा, की जुना झाल्यावर बोहारणीला देऊन भांडे घ्यावे, तो त्याचा प्रश्न. दोन वर्षांनी मागवाला येऊन 'आमचे कापड दुसऱ्याच्या अंगावर कसे?' असे विचारीत नाही. विक्री म्हणजे मालकी बदलणे, हा बाजाराचा जुना दस्तूर आहे.

परंतु आता बाजारात असाही माल येऊ लागला आहे, ज्याचे पैसे पूर्ण घेतले जातात आणि मालकी मात्र विकणाऱ्याकडेच राहते. या बदलाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे व्हिडिओ गेम. टीव्हीला जोडून खेळण्याच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. मुलांचा खेळ म्हणून व्यापाऱ्याने हा विषय सोडून देऊ नये. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची इलेक्ट्रॉनिक्सची, दुरुस्तीची आणि जुन्या मालाच्या खरेदी-विक्रीची दुकाने आहेत. त्यांच्या रोजगाराशी ही गोष्ट थेट निगडित आहे. म्हणून तिची हकीकत सुरुवातीपासून सांगतो.

एका डॉलरचे पुस्तक

अमेरिकेत बॉब्ज-मेरिल नावाची प्रकाशन कंपनी होती. तिने 'द कास्टअवे' या कादंबरीच्या आत अशी सूचना छापली की, हे पुस्तक किरकोळीत एक डॉलरलाच विकावे. कमी किमतीत विकल्यास तो आमच्या हक्काचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ते ८९ सेंटला विकायला काढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९०८ साली निकाल लागला की, प्रकाशकाने एकदा पुस्तक विकले म्हणजे पुढे ते कोणत्या भावाने विकले जावे हे ठरविण्याचा त्याला अधिकार नाही. छपाईचा हक्क त्याचा, पण विकलेली प्रत घेणाऱ्याची.

या तत्त्वाला 'पहिल्या विक्रीचे तत्त्व' म्हणतात. जुन्या पुस्तकांची दुकाने आणि ग्रंथालये त्याच्याच आधारावर चालतात. जपानमध्ये गेम बनविणाऱ्या कंपन्यांनी जुन्या गेम विकणाऱ्या दुकानदारांना कोर्टात खेचले होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००२ मध्ये दुकानदारांच्या बाजूने निकाल दिला. एकदा विकलेली गेम पुन्हा विकण्यास कंपनी हरकत घेऊ शकत नाही, असे ठरले.

म्हणजे कायद्याने कंपन्यांचा रस्ता अडविला. तेव्हा त्यांनी दुसरा रस्ता शोधला. कोर्टात जे मिळाले नाही, ते यंत्रात बसविता येईल काय, हा तो रस्ता.

दहा डॉलरची पट्टी

गेम डिस्कवर असेपर्यंत हिशेब सोपा होता. डिस्क यंत्रात घातली की खेळ सुरू, काढली की बंद. डिस्क ज्याच्या हाती तो मालक. एक मुलगा गेम खेळून संपवी, मित्राला देई किंवा दुकानात नेऊन विकी आणि त्या पैशांत नवी घेई. अमेरिकेत गेमस्टॉपसारख्या मोठ्या साखळी दुकानांचा नफा या जुन्या डिस्कवर उभा राहिला. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची दुकाने पुष्कळांनी पाहिली असतील.

कंपन्यांचे गाऱ्हाणे असे होते की, जुनी डिस्क दहा वेळा विकली गेली तरी बनविणाऱ्याला एकदाच पैसे मिळतात. गाऱ्हाण्यात तथ्य नाही असे नव्हे. एक मोठी गेम तयार करायला शेकडो कारागीर वर्षानुवर्षे राबतात. पण जुने विकून आलेले पैसे गिऱ्हाईक नव्या मालातच घालतो, ही दुसरी बाजूही व्यापाऱ्याला ठाऊक असते. जुन्याला भाव येतो म्हणूनच पुष्कळ जण नवे घेण्याची हिंमत करतात.

२०१० साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने आपल्या क्रीडा गेमसोबत एक सांकेतिक अंक देण्यास सुरुवात केली. तो एकाच खात्यावर चाले. पहिल्या गिऱ्हाइकाने तो वापरला की डिस्क विकत घेणाऱ्या दुसऱ्याला इंटरनेटवर इतरांशी खेळण्यासाठी दहा डॉलर वेगळे भरावे लागत. इतर कंपन्यांनीही ही युक्ती उचलली. गिऱ्हाईक नाराज झाले आणि मे २०१३ मध्ये त्या कंपनीने ही पद्धत बंद केली.

२०१३ चा जून महिना

नेमक्या त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स वन' या नव्या यंत्राची घोषणा केली. ६ जून २०१३ रोजी कंपनीने त्याचे नियम प्रसिद्ध केले. ते असे होते : यंत्राने दर २४ तासांनी एकदा इंटरनेटद्वारे कंपनीशी संपर्क साधलाच पाहिजे, नाहीतर गेम चालणार नाही. जुनी गेम विकायची तर कंपनीने मान्य केलेल्या दुकानातच, आणि तीही त्या गेमच्या प्रकाशकाची परवानगी असेल तर. मित्राला द्यायची तर तो मित्र किमान ३० दिवस यादीत असला पाहिजे, आणि एक गेम एकदाच देता येईल. उसनी किंवा भाड्याने देण्याची सोय सुरुवातीला नाही.

यामागचा तर्क समजून घेतला पाहिजे. नव्या यंत्रात डिस्क एकदा घातली की सगळी गेम आतल्या साठ्यात उतरणार होती. नंतर डिस्कची गरज नव्हती. मग एकच डिस्क घेऊन दहा घरांत गेम उतरविली तर? ते टाळायचे म्हणजे गेम डिस्कला न बांधता माणसाच्या खात्याला बांधायची आणि ती कुणाच्या खात्यावर आहे हे रोज तपासायचे. मोबदल्यात दोन सवलती होत्या. डिस्क बदलण्याची कटकट नाही, आणि घरातील दहा माणसांपर्यंत आपला गेमसंग्रह वाटून घेता येईल.

सौदा कागदावर वाईट दिसत नाही. पण त्यात एक मोठी अदलाबदल दडलेली होती. पूर्वी डिस्क हीच मालकीची पावती होती आणि ती गिऱ्हाइकाच्या कपाटात असे. आता पावती कंपनीच्या वहीत राहणार होती. ज्याच्याकडे वही, त्याच्याकडे सत्ता. दुकानदाराला जुना माल घ्यायचा तर त्याने आधी कंपनीच्या मान्यताप्राप्त यादीत यावे लागणार होते. लहान दुकानदाराचा त्यात निभाव कसा लागला असता?

आपल्या लोकांशीही याचा संबंध होता. सुरुवातीला हे यंत्र फक्त २१ देशांत चालणार होते. त्या यादीत भारत नव्हता आणि संयुक्त अरब अमिरातीही नव्हती. रत्नागिरी-रायगडकडच्या कित्येक घरांत असल्या वस्तू खाडीतून येणाऱ्या भावाच्या सामानातून येतात. तसे आणलेले यंत्र त्या नियमांखाली इथे निरुपयोगी ठरले असते.

बावीस सेकंदांचा जबाब

१० जून २०१३ रोजी लॉस एंजेलिसच्या वार्षिक मेळाव्यात सोनीने आपल्या 'प्लेस्टेशन ४' यंत्राबद्दल जाहीर केले की, डिस्कवरची गेम विका, मित्राला द्या किंवा कायम ठेवा, आमची आडकाठी नाही आणि इंटरनेटवर तपासणीही नाही. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. किंमतही ३९९ डॉलर, मायक्रोसॉफ्टच्या ४९९ डॉलरपेक्षा शंभरने कमी. शिवाय सोनीने जेमतेम बावीस सेकंदांची एक चित्रफीत काढली. गेम मित्राला कशी द्यायची? एक अधिकारी दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो आणि तो 'धन्यवाद' म्हणतो. बस, एवढेच.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागाचे त्या वेळचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांनी एका मुलाखतीत असे सुचविले होते की, ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी आमचे जुने 'एक्सबॉक्स ३६०' आहेच. गिऱ्हाइकाच्या अडचणीला असे उत्तर दिल्यावर काय होते, हे गल्ल्यावर बसणाऱ्यांना सांगायला नको. १९ जून रोजी, म्हणजे नियम जाहीर केल्यापासून तेराव्या दिवशी, कंपनीने ते मागे घेतले. रोजची तपासणी गेली, देशांचे बंधन गेले, डिस्क विकण्या-देण्याची मोकळीक पूर्वीसारखी झाली. त्याबरोबर डिस्कवाचून खेळणे आणि दहा माणसांत वाटून घेणे या सवलतीही गेल्या.

मग गिऱ्हाईक जिंकले काय?

त्या महिन्यात जिंकले, पुढे नाही. जे दाराने आत आले नाही, ते हळूहळू खिडकीतून आले. कंपन्यांनी डिस्कवर बंधन घालण्याऐवजी डिस्कच कमी केली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने डिस्कची फटच नसलेले यंत्र आणले. नोव्हेंबर २०२० मध्ये 'प्लेस्टेशन ५' ची एक आवृत्ती आणि 'एक्सबॉक्स सिरीज एस' ही यंत्रे फटीवाचून आली. त्यांवरची प्रत्येक गेम इंटरनेटवरून कंपनीच्याच दुकानातून घ्यावी लागते आणि ती पुन्हा विकता येत नाही. फटीवाचूनचे यंत्र स्वस्त असते, म्हणून ते गिऱ्हाईक खुशीने घेतो. जुन्या मालाचा बाजार मात्र त्याच क्षणी त्याच्यासाठी बंद होतो.

निन्टेन्डोने मधला मार्ग काढला आहे. जून २०२५ मध्ये आलेल्या 'स्विच २' साठी काही गेम 'गेम-की कार्ड' वर मिळतात. कार्डावर पूर्ण गेम नसते, फक्त किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवावी लागते. कार्ड विकता येते, पण उद्या कंपनीने गेम उतरविण्याची सोय बंद केली तर हातात रिकामी किल्ली उरेल. इंटरनेटवरून घेतलेल्या गेमही आता कुटुंबाच्या गटातील माणसाला दोन आठवडे उसन्या देता येतात, तेवढे दिवस देणाऱ्याला ती खेळता येत नाही. सोय चांगली आहे, पण आपली वस्तू किती दिवस आणि कुणाला उसनी द्यायची हे विकणारा ठरवितो, ही बाब ध्यानात ठेवावी.

न्यायालयांनी याबाबत एकसारखे निकाल दिलेले नाहीत. युरोपच्या न्यायालयाने २०१२ साली ठरविले की, कायमच्या वापरासाठी घेतलेली संगणक प्रणाली पुन्हा विकता येते. त्याच्या आधारे पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये संगणकावरील गेमबाबत एका ग्राहक संघटनेच्या बाजूने निकाल दिला. पण २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरविला. अमेरिकेत कंपन्या म्हणतात की, आम्ही वस्तू विकतच नाही, वापराचा परवाना देतो. आणि जिथे विक्री नाही तिथे पहिल्या विक्रीचे तत्त्व लागू होत नाही.

परवाना काय असतो, हे २०२४ साली दिसले. युबिसॉफ्टची 'द क्रू' ही २०१४ ची मोटारींची गेम कंपनीच्या सर्व्हरवाचून चालत नव्हती. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांचीही गेम निकामी झाली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. जिथे गिऱ्हाइकाला केवळ परवाना मिळतो, तिथे 'खरेदी करा' असा शब्द वापरायचा तर ही गोष्ट त्याला स्पष्ट सांगावी लागते. या कायद्याने मालकी मिळाली नाही, पण निदान शब्दाची लबाडी थांबली.

आमच्या वाचकांसाठी

आमच्या परिचयाच्या एका शिंप्याने मुलासाठी जुने यंत्र घेतले. विकणाऱ्याने 'आत चाळीस गेम आहेत' म्हणून चार हजार रुपये जास्त लावले. आठ दिवसांत त्याने आपल्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि चाळीसच्या चाळीस गेम नाहीशा झाल्या. शिंप्याचे महिन्याचे जादा काम त्यात गेले. त्याला वाटले आपण गेम विकत घेतल्या. त्याला मिळाली होती फक्त दुसऱ्याच्या घराची उसनी चावी.

म्हणून जुन्या यंत्रांचा व्यवहार करणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. यंत्राला डिस्कची फट आहे की नाही ते आधी पाहावे आणि भाव त्याप्रमाणे ठरवावा. खात्यातील गेमचे पैसे देऊ नयेत आणि घेऊही नयेत. किंमत यंत्राची आणि हातात येणाऱ्या डिस्कची करावी. पैसे मोजण्यापूर्वी जुन्या मालकाचे खाते समोर काढून टाकायला लावावे आणि यंत्र इंटरनेटला जोडून पाहावे, कारण नियमभंगामुळे कंपनीने बंदी घातलेली यंत्रेही बाजारात येतात. डब्यातील सांकेतिक अंक वापरलेला असेल तर दुकानदाराने तसे बिलावर लिहावे. गिऱ्हाइकाला आज दोन रुपये कमी मिळाल्याचे दुःख होईल, पण तो उद्या पुन्हा याच दुकानात येईल.

ही हकीकत गेमपुरती मर्यादित नाही. वस्तू कंपनीच्या खात्याला बांधली गेली, की ती पुन्हा विकण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा यापुढे अशी कोणतीही वस्तू घेताना किंमत विचारून थांबू नये. ही मला पुन्हा विकता येईल काय, भावाला देता येईल काय, आणि कंपनीने हात काढून घेतला तर चालेल काय, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर ते भाडे आहे असे समजावे आणि भाड्याइतकेच पैसे द्यावेत.