दोन फेऱ्यांमधली दुर्बीण

जंगलात रोज जाणाऱ्या दुर्बिणीची निगा दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात होते. ताडोब्याच्या जंगलाच्या मोहर्ली गेटातून सकाळी सहाच्या सुमारास आत गेलेल्या जिप्सी दहाच्या आसपास बाहेर येतात आणि दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा रांगेत लागतात. ऋतूप्रमाणे वेळा थोड्या मागेपुढे होतात, पण मधले चार-पाच तास उरतातच. माणूस त्या वेळात जेवतो, घटकाभर आडवा होतो. दुर्बीण मात्र जिथे टाकली तिथे पडून राहते. कधी जिप्सीच्या सीटवर, कधी खिडकीत, कधी घामाने भिजलेल्या टोपीखाली बॅगेत. ती जुनी होते ती जंगलात कमी आणि या पडून राहण्यात जास्त.

ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात फेरीवर मोबाइल वापरण्यास बंदी आहे, त्यामुळे लांबचे जवळ पाहायचे तर दुर्बीण किंवा कॅमेराच हवा. जंगलासाठी बहुतेक जाणकार ८×४२ ही दुर्बीण पसंत करतात. ८ म्हणजे किती पट मोठे दिसते, आणि ४२ म्हणजे पुढच्या वस्तुभिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच येतात. नेत्रिकेतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा असतो. फटफटताना आणि दिवेलागणीला, म्हणजे जनावर हलते त्याच वेळी, डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते आणि हा रुंद झोत कामी येतो. काच मळली की हाच फायदा आधी जातो. धुळीचा पातळ थर बसला तरी चित्र दिसतच राहते, म्हणून मालकाच्या ते लवकर ध्यानात येत नाही. पण उन्हाच्या दिशेने बांबूच्या रांजीत पाहावे, तर सगळे पांढुरके होते आणि सावलीत बसलेले जनावर त्या पांढुरक्यात विरघळून जाते.

मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणारा मुख्य रस्ता डांबरी आहे. आडवाटा मात्र कच्च्या, मुरुमाच्या. उन्हाळ्यात एका जिप्सीमागून दुसरी गेली की वाटेकडेच्या सागाची पाने तांबडी होतात आणि तीच तांबडी धूळ उघड्या गाडीतल्या प्रत्येक वस्तूवर बसते. या धुळीत वाळूचे, म्हणजे गारेचे बारीक कण असतात. कठिणपणाच्या मोजपट्टीवर गारेचा अंक ७, तर साध्या काचेचा साडेपाच ते सहा. त्यामुळे धुळीने भरलेली काच गळ्यातल्या दुपट्ट्याने पुसणे म्हणजे ती बारीक पॉलिशपेपरने घासणेच. ओरखडा एका दिवसात दिसत नाही. वर्षभराने काच तिरक्या उजेडात धरली की गोल गोल रेघांचे जाळे दिसते, आणि ते मग कशानेही जात नाही.

काचेवर आणखी एक नाजूक गोष्ट असते, ती म्हणजे परावर्तन कमी करणारा लेप. १९३५ मध्ये झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी या लेपाचे पेटंट घेतले. त्याआधी प्रत्येक काचेच्या पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश मागे फिरून वाया जात असे. दुर्बिणीत भिंगे व लोलक मिळून असे अनेक पृष्ठभाग असतात. आजच्या चांगल्या दुर्बिणीत या लेपाचे एकावर एक कित्येक थर असतात. त्यातला एक थर साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा जाड असतो. दुर्बीण तिरकी केली की काचेवर हिरवी-जांभळी झाक दिसते ती याच लेपाची. ती झाक ठिकठिकाणी उडालेली दिसली, तर ती दुर्बीण फार पुसली गेली आहे एवढे नक्की. कमी पुसणे हीच काचेची पहिली निगा.

सराव असलेला माणूस फेरीवरून आल्यावर दुर्बीण आधी पुसत नाही, उलटी धरतो. वस्तुभिंगे जमिनीकडे करून तो हवेचा रबरी फुगा, म्हणजे ब्लोअर, पाच-सहा वेळा दाबतो. मोकळी धूळ खाली पडते. तोंडाने फुंकर मारायचा मोह आवरावा लागतो, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात आणि त्यांचे डाग धुळीपेक्षा हट्टी असतात. मग मऊ केसांचा ब्रश काचेवर नुसता तरंगत फिरतो. काच आणि तिच्याभोवतीची कडी यांच्या सांध्यात जास्त, कारण रवाळ कण तिथेच लपतात आणि पुढे कापडाखाली येतात. नंतर दाराशी उभे राहून काच तिरक्या उजेडात पाहायची. एखादा कण चकाकला तर पुन्हा ब्लोअर. बहुतेक दुपारी काम इथेच संपते, आणि इथेच संपावे.

डाग असेल तरच कापड. स्वच्छ मायक्रोफायबर, आणि ते झिपच्या पिशवीत ठेवलेले; खिशात ठेवलेल्या कापडात खिशातली धूळ असते. काचेवर हलका हाहा करून वाफ धरायची आणि मधून कडेकडे गोल फिरत, दाब न देता पुसायचे. चिकट डागाला लेन्स साफ करण्याचे द्रावण लागते, पण त्याचा थेंब कापडावर टाकायचा, काचेवर कधीच नाही. काचेवरचा थेंब कडेच्या फटीतून आत ओढला जातो. खिडक्या पुसण्याचा अमोनियाचा फवारा दुर्बिणीजवळ आणू नये. वस्तुभिंगापेक्षा नेत्रिका जास्त मळते. पापण्यांचे तेल, घाम, डोळ्याभोवती लावलेले सनस्क्रीन तिथे जमते. या भागात तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा खाण्याची सवय पुष्कळांना आहे. खर्रा घोटलेल्या बोटांवर चुन्याची पूड राहते आणि चुना हाही काचेचा वैरीच, म्हणून दुर्बीण हातात घेण्यापूर्वी बोटे धुतलेली बरी. डासांच्या मलमाचेही तसेच. डीट असलेले मलम रबर व प्लॅस्टिक अक्षरशः विरघळवते. हाताला ते लावून दुर्बीण धरली की काही दिवसांनी तिचे रबरी आवरण चिकट लागू लागते. ओलसर कापडाने आवरण आणि गळ्याचा पट्टा पुसून वाळवणे हे काच पुसण्याइतकेच रोजचे काम आहे.

पूर्ण जलरोधक दुर्बिणीवर चिखल वाळला असेल तर तिला नळाच्या बारीक धारेखाली धरता येते. घासण्यापेक्षा हा मार्ग चांगला, धूळ पाण्याबरोबर वाहून जाते. जुन्या पद्धतीच्या, रुंद खांद्यांच्या दुर्बिणीला हे चालत नाही. तिच्यात फोकसचे चाक फिरवले की दोन्ही नेत्रिका पुढेमागे सरकतात आणि आतली जागा कमीजास्त होते. प्रत्येक वेळी ती जणू श्वास घेते. बाहेरची दमट, धुळकट हवा आत जाते. नव्या सरळ नळीच्या जलरोधक दुर्बिणीत फोकसचे भिंग आतल्या आत हलते आणि नळीत कोरडा नायट्रोजन भरून ती बंद केलेली असते. मोहर्लीसारख्या ठिकाणी हा फरक दुर्बिणीच्या आयुष्यात पडतो.

आता ठेवायची कुठे? चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त होते. त्या उष्णतेत आतले ग्रीस पातळ होऊन पसरते, रबर सुटते. काचेची झाकणे न लावता दुर्बीण उन्हाकडे तोंड करून राहिली तर वस्तुभिंग सूर्याचे किरण आत एका जागी गोळा करते आणि आतला भाग भाजून निघतो. तेव्हा झाकणे लावून सावलीतल्या फडताळात, हे साधे उत्तर. पण विदर्भात आणखी एक सवय आहे, कूलर. खोलीतली सगळ्यात थंड जागा कूलरसमोरची, म्हणून वस्तू तिथे ठेवल्या जातात. कूलर हवा थंड करतो ती पाण्याची वाफ करून. त्याच्या झोतात ठेवलेली दुर्बीण दुपारभर ओल पिते. कोरड्या उन्हाळ्यातही काचेला बुरशी लागलेली दिसते, तिचे कारण पुष्कळदा हा झोत असतो.

थंडीत उलटे घडते. डिसेंबरच्या सकाळी उघड्या जिप्सीत दुर्बीण गारठलेली असते. ती तशीच चूल पेटलेल्या उबदार खोलीत आणली की थंड काचेवर दव धरते, आणि पुसावे तर पुन्हा धरते. बाहेरच बॅगेत बंद करून आत आणावी आणि अर्ध्या तासाने बॅग उघडावी, म्हणजे दव बॅगेवर धरते. पावसाळ्यात एसी खोलीतून बाहेर पडताना हाच त्रास होतो, तेव्हा निघण्याच्या अर्धा तास आधी दुर्बीण ओसरीत नेऊन ठेवलेली चांगली.

दुर्बिणीचा दुसरा शत्रू हादरा. कच्च्या वाटेवर जिप्सीच्या पत्र्यावर ठेवलेली दुर्बीण प्रत्येक खड्ड्याला आपटते. आतले लोलक केसभर सरकले की दोन नळ्यांची चित्रे एकावर एक बसत नाहीत. डोळे ती ओढून जुळवतात आणि तासाभरात डोके दुखू लागते. दुर्बीण पर्यटकाच्या हातात असेल तर त्याला वाटते ऊन बाधले. पारख सोपी आहे. दूरच्या छपराच्या आडव्या कडेवर दुर्बीण रोखायची आणि डोळ्यांपासून हळूहळू वीतभर लांब न्यायची. दोन्ही नळ्यांत कड एका रेषेत दिसली तर ठीक. एका नळीत ती वर दिसली तर काम दुरुस्ती करणाऱ्याचे. घरी स्क्रू फिरवून लोलक जागेवर येत नाहीत. गाडीत दुर्बीण गळ्यात नाहीतर मांडीवर असावी.

ताडोबा मंगळवारी बंद असते. त्या दिवशी थोडे जास्तीचे काम होते. पट्टा काढून धुणे, पट्टा अडकवायच्या कड्या झिजल्या का पाहणे, दुर्बिणीचा डबा उन्हात तापवून कोरडा करणे. हा डबा म्हणजे रबरी कड असलेला, घट्ट झाकणाचा साधा प्लॅस्टिकचा डबा. कंपनीने दिलेली कातडी किंवा कापडी पेटी प्रवासापुरती. ती ओल धरून ठेवते, म्हणून मुक्कामाला दुर्बीण तिच्यात नको.

१ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते. गाभ्याभोवतीच्या बफरमधल्या फेऱ्या पावसातही चालतात. हे तीन महिने बुरशीचे. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की काचेवरच्या तेलाच्या, धुळीच्या कणांवर बुरशी वाढते आणि तिच्यातून निघणारे आम्ल लेप खाऊन काचेत उतरते. डब्यात सिलिका जेलची पुडी आणि स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवावा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असला की पुरे. निळे सिलिका जेल ओल पिऊन गुलाबी होते. ते ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास, नाहीतर मंद आचेवर कढईत परतले की पुन्हा निळे होते. त्या निळ्या रंगात कोबाल्टचे विषारी क्षार असतात, म्हणून ही कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. तांदूळ घालण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो, पण तांदळाची ओल पिण्याची ताकद थोडी आणि पीठ मात्र फटींत जाते. डांबरगोळ्यांची वाफ काचेवर बसते, त्याही नकोत. वापर नसला तरी पंधरा दिवसांनी दुर्बीण बाहेर काढावी, उजेड दाखवावा, फोकसचे चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे.

ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीआधी डबा उघडल्यावर वस्तुभिंगाकडून टॉर्चचा तिरका झोत टाकून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती दुर्बीण इतरांपासून वेगळी ठेवून दुरुस्तीला पाठवावी. काच स्वच्छ असेल तर शेवटचे काम उजव्या नेत्रिकेवरच्या कडीचे. उजवे वस्तुभिंग झाकून डाव्या डोळ्याने गेटवरच्या पाटीची अक्षरे मधल्या चाकाने स्पष्ट करायची, मग डावे झाकून उजव्या डोळ्याने तीच अक्षरे फक्त कडी फिरवून जुळवायची. गाइडची दुर्बीण दिवसभरात चार जणांच्या हातांतून जाते आणि ही कडी हमखास सरकते, म्हणून जुळलेल्या जागी कडीवर रंगाचा एक बारीक ठिपका देऊन ठेवतात.