‘खोटं असतं रे ते!’

महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ 1993 साली आला, तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे आहे म्हटल्यावर आई-वडील पोराबाळांना घेऊन बिनधास्त थेटरात गेले. मोठी माणसं पोट धरून हसली आणि मुलं घरातल्या बाहुल्यांकडे संशयानं बघायला लागली. आज चाळिशीत असलेल्या कुणाहीपुढे त्यातल्या जिवंत झालेल्या बाहुल्याचं, तात्या विंचूचं नाव काढून बघा.

गंमत म्हणजे हा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा, म्हणजे त्यांच्या बोलक्या बाहुल्याच्या, अर्धवटरावांच्याच घरातला. पण अर्धवटरावांना घाबरून कुणी रडल्याचं ऐकिवात नाही. मला वाटतं, अर्धवटराव पाध्यांच्या हातात बसून बोलतात. तात्या मात्र एकटाच चालत येतो.

मुलांनी काय बघावं हे ठरवणाऱ्या सेन्सॉरला शिव्या मोजता येतात, रक्त मोजता येतं. बाहुल्याची फिरलेली मान कशी मोजणार? 1984 साली अमेरिकेत ‘ग्रेमलिन्स’ आणि इंडियाना जोन्सचा ‘टेम्पल ऑफ डूम’ हे दोन्ही सौम्य ‘पीजी’ दाखल्यावर लागले. पालक खवळले आणि त्याच वर्षी ‘पीजी-13’ ही मधली पायरी आली. आपल्याकडे असा मधला ‘यूए’ दाखला 1983 पासून आहे. 2024 मध्ये त्याचे 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन भाग झाले.

पण वय बदललं की भीतीची जागाच बदलते. ग्लेन स्पार्क्स आणि जोआन कँटर या संशोधकांनी 1986 साली ‘इनक्रेडिबल हल्क’ मालिकेवर अभ्यास मांडला. मोठी मुलं नायक संकटात सापडल्यावर घाबरत होती. बालवाडीतली मुलं तोच नायक हिरवा राक्षस झाल्यावर. राक्षस आपल्याच बाजूचा आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दिसतं ते खरं, असा त्या वयाचा हिशेब. त्यांना नुसतं ‘खोटं असतं रे ते’ सांगून काय होणार? ते खोटं कसं बनतं, हे दाखवावं लागतं. अमेरिकेत फ्रेड रॉजर्स यांनी मुलांच्या कार्यक्रमात हल्कची रंगरंगोटी दाखवली, ती याचसाठी.

आपल्या नाशिकला हे नवं नाही. दादासाहेब फाळक्यांच्या इथल्या हिंदुस्थान कंपनीचा ‘कालियामर्दन’ 1919 चा. त्यात सुरुवातीला त्यांची सात वर्षांची मंदाकिनी साध्या रूपात येते, चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. नागाशी झुंज त्यानंतरची. फाळक्यांचा हेतू लेकीचा अभिनय दाखवण्याचा असेल, पण पहिल्या रांगेतल्या पोरांची सोय आपसूक झाली असणार. तात्याच्या आधी पाध्यांचा हात असाच दाखवला असता तर? मुलं निवांत झोपली असती, आणि कोठारेंचा अर्धा सिनेमा तिथंच संपला असता.