आधी पंगत, मग भाषणे

एप्रिल सरत आला की प्राथमिक शाळांतले वातावरणच पालटते. परीक्षा संपलेल्या असतात आणि १ मेच्या निकालाला थोडा अवकाश असतो. मधल्या दिवसांत वरच्या वर्गातल्या मुलांना निरोप, हस्तलिखिताचे प्रकाशन, बक्षीस वाटप आणि शेवटी सर्वांचे एकत्र जेवण असा कार्यक्रम ठरतो. गावातले एखादे दानशूर गृहस्थ जिलबीचा खर्च उचलतात, मुलांच्या आया पुऱ्या लाटायला येतात. मुले वर्षभर या दिवसाची वाट पाहतात आणि त्यांनी ती पाहावीच. या आनंदावर विरजण घालण्याचा माझा हेतू नाही. परंतु वर्षअखेरीच्या याच जेवणातून मुलांना उलट्या-जुलाब होण्याचे प्रसंग घडतात आणि थोडी दक्षता घेतली तर त्यांतील बहुतेक टाळता येतात. म्हणून हा लेख.

विषबाधा झाली की पहिला संशय आचाऱ्यावर किंवा किराणा मालावर जातो. "पाल पडली असेल" असेही कोणीतरी म्हणतेच. पुष्कळदा दोष पालीचा नसतो, मालाचाही नसतो. दोष असतो तो वेळेचा. अन्न शिजले केव्हा आणि मुलांच्या तोंडात पडले केव्हा, या दोहोंमधल्या काळात सारे घडते.

पातेल्यात काय घडते?

समजा, मसालेभात सकाळी सातला शिजून तयार झाला. आचाऱ्याला पुढे लग्नाचे काम असते, म्हणून तो पहाटेच उरकून जातो. दहाला कार्यक्रम सुरू व्हायचा, पण पाहुणे अकराला येतात. स्वागत, प्रास्ताविक, मनोगते, अध्यक्षीय समारोप आणि आभार होईतो एक वाजतो. तोवर भात झाकून ठेवलेला असतो.

अन्न चांगले उकळले की बहुतेक जंतू मरतात. मात्र काही जातींचे जंतू बीजरूपाने त्यातूनही जिवंत राहतात. तांदळात आढळणारा 'बॅसिलस सिरियस' हा त्यांपैकीच एक. भात वाफाळता आहे तोवर हे बीज निपचित असते. उष्णता ६० अंश सेल्सिअसच्या खाली आली की ते जागे होते आणि वाढू लागते. मोठे पातेले आतून हळूहळू निवते, त्यामुळे ही कोमट अवस्था तासन् तास टिकते. एप्रिलमधली आपल्याकडची हवा तर जंतूंना मानवणारीच असते.

अनुकूल स्थितीत जंतूंची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होते. एकाचे दोन, दोनाचे चार असा हिशेब मांडून पाहा. पाच तासांत पंधरा वेळा दुप्पट झाले, तर एका जंतूचे ३२,७६८ जंतू होतात! त्यांतले काही अन्नातच विष सोडतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. "वाढायच्या आधी एक उकळी काढली होती" हा खुलासा म्हणूनच उपयोगाचा नाही.

दुसरा चोर माणसाच्या अंगावरच असतो. त्याचे नाव 'स्टॅफिलोकोकस'. गळू, पिकलेली जखम, नखुरडे आणि निरोगी माणसाचे नाकसुद्धा हे त्याचे मुक्कामाचे ठिकाण. श्रीखंडाचा चक्का मळणारा, पेढे वळणारा किंवा उकडलेले बटाटे कुस्करणारा हात असा असला, की जंतू अन्नात उतरतात. त्यांचे विषही उकळीला दाद देत नाही. अन्नाला वास येत नाही, चव बदलत नाही, बुरशी दिसत नाही. खाणाऱ्याला कळावे तरी कसे?

लक्षणे केव्हा दिसतात, यावरून

जेवल्यावर एक ते सहा तासांत मळमळ आणि जोराच्या उलट्या सुरू झाल्या, तर बहुधा वर सांगितलेले तयार विष पोटात गेलेले असते. सहा ते चोवीस तासांनी पोटात मुरडा येऊन जुलाब होऊ लागले, तर जंतू आतड्यात जाऊन विष तयार करीत असतात. ताप, जुलाब आणि अंगदुखी एक-दोन दिवसांनी दिसली, तर 'साल्मोनेला'सारख्या जंतूंचा विचार करावा लागतो. म्हणून डॉक्टरकडे येताना मूल काय जेवले यासोबत किती वाजता जेवले आणि त्रास किती वाजता सुरू झाला, हेही सांगावे. निम्मे निदान तेथेच होते.

डब्यातून घरी गेलेला घास

आणखी एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जेवण उरते. टाकवत नाही म्हणून बाई मायेने मुलांच्या डब्यात भात, श्रीखंड भरून देतात. तो डबा दप्तरात दुपारभर तापतो आणि संध्याकाळी धाकट्या भावंडाच्या व आजीच्या ताटात जातो. आठ-नऊ वर्षांचे धडधाकट मूल उलट्या होऊनही बहुधा एक-दोन दिवसांत खेळायला लागते. दीड वर्षाच्या बाळाच्या किंवा मधुमेह असलेल्या आजीच्या अंगातले पाणी मात्र काही तासांत धोक्याच्या पातळीवर येऊ शकते. माझ्या दवाखान्यात असे रुग्ण येतात, तेव्हा "हिने तर शाळेत काही खाल्लेच नव्हते" असे घरचे सांगतात. डब्याची आठवण नंतर होते. तेव्हा उरलेले अन्न डब्यात देऊ नका. द्यायचेच असेल, तर बुंदीचा कोरडा लाडू, चिक्की किंवा केळे द्या.

शाळेने काय करावे?

१. कार्यक्रमपत्रिकेत आधी जेवण, मग भाषणे ठेवा. पाहुण्यांची वाट पाहता येते, भाताला वाट पाहायला लावू नये. स्वयंपाक अशा बेताने सुरू करा की शिजले की लगेच पंगत बसेल. निवू लागलेले अन्न दोन तासांत संपले पाहिजे. हवा ३२ अंशांच्या वर असेल, तर एका तासात. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुसराच नियम लागू पडतो.

२. बेत साधा ठेवा. कढईतून थेट पानात येणारी गरम पुरी, गरम भाजी, ताजा मसालेभात आणि जिलबी असे जेवण मुलांना आवडते. श्रीखंड, बासुंदी, दुधाची मिठाई, ओल्या नारळाची चटणी हे पदार्थ उन्हाळ्यात टाळावेत. कलिंगड कापून ठेवू नये, वाढताना कापावे.

३. ज्यांच्या हाताला गळू किंवा जखम आहे, ज्यांना जुलाब होत आहेत, त्यांना त्या दिवशी दुसरे काम द्या. यात कमीपणा नाही. इतरांनी साबणाने हात धुऊन, पळी-डाव वापरून वाढावे. मुलांच्या हातांसाठीही साबण आणि वाहते पाणी ठेवा.

४. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात मठ्ठा, कढी, चिंचेची आमटी ठेवू नये. ती कळकते आणि खाल्ल्यावर थोड्याच वेळात उलट्या होतात. स्टीलची भांडी वापरा.

५. पिण्याचे पाणी उकळलेले किंवा क्लोरीन घातलेले असावे. पिंपात पेले बुडवू नयेत, नळाचे किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याचे पिंप ठेवावे. सरबतात बाजारातला बर्फ घालू नये.

६. शेतीच्या औषधांचा रिकामा डबा कितीही घासला तरी स्वयंपाकात आणू नये. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतल्या दुपारच्या जेवणाने २३ मुले दगावली. त्या स्वयंपाकात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. शालेय पोषण आहार आधी मोठ्यांनी चाखूनच मुलांना वाढावा, हा दंडक स्नेहभोजनालाही लावा. चवीने जंतूंचे विष कळत नाही, पण कडवट तेल किंवा कळकलेले ताक कळू शकते.

त्रास झालाच तर

प्रथम घाबरू नका. मुलाला सावलीत कुशीवर निजवा. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढू नका. जुलाब बंद करणारी गोळी लहान मुलांना देऊ नका. दुकानातून मनाने अँटिबायोटिकही आणू नका, बहुतेकांना त्याची गरज नसते.

गरज असते ती क्षार-साखरेच्या पाण्याची, म्हणजे ओआरएसची. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली. सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्याने असंख्य जीव वाचवले. पाकिटावर लिहिलेल्या मापाएवढ्याच स्वच्छ पाण्यात ते विरघळवा. पाकीट नसेल, तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. दर जुलाबानंतर शाळकरी मुलाला अर्धा ते एक पेला, दोन वर्षांखालील बाळाला पाव ते अर्धा पेला द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. भूक लागली की पेज, मऊ वरणभात, केळे द्या. अंगावरचे दूध बंद करू नये.

मूल गुंगीत आहे, डोळे खोल गेले आहेत, सहा-आठ तासांत लघवी झालेली नाही, पोटात काहीच ठरत नाही, शौचातून रक्त जाते किंवा ताप खूप आहे, यांतले एकही लक्षण दिसले तर घरी थांबू नका. तोंडातून लाळ गळणे, दरदरून घाम आणि बाहुल्या बारीक होणे ही कीटकनाशकाच्या विषबाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

एकाच वेळी अनेक मुलांना त्रास झाला, तर मुख्याध्यापकांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. गोष्ट लपवल्याने शाळेचे नाव वाचत नाही, फक्त उपचाराला उशीर होतो. उरलेले सर्व पदार्थ थोडे थोडे स्वच्छ डब्यांत झाकून थंड जागी ठेवावेत आणि कोणी काय, किती वाजता खाल्ले याची यादी करावी. तपासणीला त्याचा मोठा उपयोग होतो.

पालकांनो, शाळेतून समारंभाची चिठ्ठी आली की एवढेच विचारा: "स्वयंपाक किती वाजता होणार आणि पंगत किती वाजता बसणार?" या दोन वेळा जवळजवळ असतील, तर मुलांना निर्धास्त पाठवा. आणि व्यासपीठावर बसणाऱ्या मान्यवरांना नम्र विनंती अशी, की मुलांची पोटे भरल्यानंतरच माईक हाती घ्यावा. भरल्या पोटी मुले भाषणही थोडे अधिक शांतपणे ऐकतात!